पन्नासात चाळीस

“आमच्या लग्नात आमाला कोनी नेलपॉलिश नाय लावली, आन् ही चिंबोरी बघा! नटूनथटून आलीय कालवनात पडायला.”

घणसोली गावातल्या त्या गल्लीत समोरून कुणी आलं की खांदे घासतात. ओट्यावर चिंबोऱ्या साफ करणाऱ्या मालतीबाईंची कुरकुर तिथून चाललेल्या क्षिप्राच्या थेट कानातच शिरली. तिने वळून पाहिलं. खेकड्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका!

“मावशी, ती... ती माझी आहे!”

“तुझी? खाडी तुझ्या बापाची हाय का गं?”

उंबऱ्यातला त्यांचा मुलगा फसकन हसला. अंगात कंटेनर यार्डाचा निळा शर्ट, काखेत हेल्मेट, हसताना डोळे अगदी मिटलेले. क्षिप्राला राग यायला हवा होता. नाही आला, तिथेच सगळं बिनसलं.

“सर्व्हेसाठी खाडीतल्या चिंबोऱ्या मोजतेय मी,” ती म्हणाली. “सगळ्या कशा धरणार? म्हणून साठ धरल्या, रंगवल्या, सोडल्या. आता पुन्हा पन्नास धरायच्या. त्यात रंगीत कमी निघाल्या, तर खाडीत चिंबोऱ्या चिक्कार. रंगीतच जास्त निघाल्या, तर...”

“तर आमी उपाशी,” तो म्हणाला. “मी दिपेश. यापुढं तुमची एक बी कालवनात जानार नाय, मॅडम. शब्द.”

दुसऱ्या दिवसापासून शिफ्टच्या आधी तो तिच्याबरोबर चिखलात उतरू लागला. तो बांबूने चिखल चाचपायचा. त्याचं पाऊल उठलं की त्याच खड्ड्यात ती आपलं ठेवायची. वाट सुकी असली तरीसुद्धा.

“चिंबोरीनं कात टाकली की तुमचा रंग गेलाच ना?”

“म्हणून तर तीन आठवड्यांत उरकायचंय.”

“आन् मग?”

“मग रत्नागिरीची खाडी.”

तो हात धूत राहिला... धुतलेलेच हात.

आणि तिने खाडीत लावलेल्या पिंजऱ्यांत रंगीत चिंबोऱ्या निघू लागल्या! गुलाबी ठिपका दिसला की क्षिप्रा चिखलाच्या हातांनी टाळी वाजवायची, आणि दिपेशच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या.

तिसऱ्या शनिवारी पन्नासावी चिंबोरी निघाली. त्यातल्या रंगीत चाळीस. म्हणजे सोडलेल्या साठ रंगीत धरून अख्ख्या खाडीत मिळून पंच्याहत्तर! पावलागणिक बीळ असलेल्या खाडीत! आकडा खोटा बोलतोय हे क्षिप्राला कधीच कळलं होतं. का बोलतोय, याचाही अंदाज होता. पण विचारायचं कसं? विचारलं की हे सगळंच थांबणार. म्हणून ती वहीत आकडे लिहीत राहिली. आणि ओट्यावर चहा देणाऱ्या मालतीबाई दोघांकडे आळीपाळीने बघत बशीवर फुंकर मारत बसल्या होत्या.

“आज आकडा पाठवते,” क्षिप्रा त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली. “पंच्याहत्तर. खाडी जवळपास रिकामी, असं कागदावर येईल.”

“नका पाठवू.” दिपेश पटकन म्हणाला. “आमच्या पिंजऱ्यांत तुमची रंगीत यायची... ती मी तुमच्या पिंजऱ्यांत सोडत होतो.”

“रोज?”

“रोज.”

“तीन आठवडे पाण्यात गेले माझे! का रे पण?”

तो हेल्मेटचा पट्टा पिळू लागला. “रंगीत निघाली की तुमी टाळी वाजवता...”

“एवढ्यासाठी?”

“मला तेवढंच पुरत होतं.”

क्षिप्राने टोपलीत खुडबुडणाऱ्या चिंबोऱ्यांकडे पाहिलं.

“पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल,” क्षिप्रा शेवटी म्हणाली. “नवा रंग आणून. रत्नागिरी पुढे ढकलावी लागेल.”

“मी हात बी लावनार नाय पिंजऱ्यांना.”

“नकोच लावूस. माझ्याबरोबर चल फक्त.”

“अगं, ह्यो चिखलातून चालंल आयुष्यभर,” मालतीबाईंनी बशी आदळली, “पन बोलनार नाय! आता तूच बोल, पोरी. माझा चा थंड झाला तिनदा.”

क्षिप्राने वही मिटली.

“पन्नासात चाळीस निघतात का कधी, दिपेश? पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. तरी रोज टाळी वाजवली... चिंबोरीसाठी नाही रे. तू मला आवडतोस.”