कपाटातलं बटण

बसा नीट. मोबाइल उलटे ठेवा, तोंडावर उजेड पडला की मला बोलता येत नाही. भूत असतं की नसतं, ते मला विचारू नका. मी चौथीत शाळा सोडली. घडलं ते सांगतो.

माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, ऑफिसात एक ओळ पुसायला गेला होता. काम एवढंच. जानेवारीतला दुसरा मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. म्हातारी माणसं झोपल्याशिवाय तिथल्या यंत्राला हात लावता येत नाही.

त्याची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर लक्ष ठेवायची. गळ्यात दोरीला बटण. झोपताना दाबायचं, की यंत्राला कळतं, 'मी बरी आहे.' रात्री दहापर्यंत दाबलं नाही, की घरच्यांना फोन. ताई म्हणायची, "मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" पण गुडघ्यांना बाम चोळून झाला की त्याच अंगठ्यानं दाबायची. बटणाला कायम बामाचा वास.

ते यंत्र लिनक्सवर चालतं. लिनक्स म्हणजे काय, तेही मला विचारू नका. त्यावरची सेवा, म्हणजे बटणांचे निरोप घेणारं काम, मधेच गचके खायची, म्हणून भाच्यानं स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला लिहून दिलेला हुकूम: रोज रात्री नऊला सेवा क्षणभर बंद कर, परत चालू कर, नीट उठली का बघ. ते बघायला एक खोटा निरोप लागतो. या गाढवानं स्वतःच्या आईचं नाव घातलं. चाचणीपुरतं. मग पुसायला विसरला.

झालं. रोज नऊला यंत्र आपलं आपल्यालाच सांगायचं, आई बरी आहे.

मग एक दिवस ताई न्हाणीच्या दारात पडली. चौथ्या दिवशी शेजारणीनं दार फोडायला लावलं. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस जीव होता. बटण गळ्यातच होतं. तिनं दाबलं नाही. नाही दाबलं की मुलगा येतो, हे तिला पाठ होतं. वाट बघत पडली असेल.

आणि हा रोज पडद्यावर आईच्या नावापुढं हिरवा ठिपका बघून जेवायला बसायचा. फोन कशाला करतोय?

तर त्या मंगळवारी त्यानं ती ओळ पुसली. सेवा बंद केली. चालू केली. आता तिच्या नावापुढं काहीच यायला नको होतं.

हिरवा ठिपका आला.

स्क्रिप्ट उघडून पाहिली. ओळ नव्हती. पुन्हा बंद. पुन्हा चालू.

हिरवा.

मग त्यानं सेवा बंदच ठेवली. बंद सेवेत निरोप येत नाही...

आला.

त्यानं मला फोन लावला. "मामा, आईचं बटण कुठंय?"

"माझ्या कपाटात. धुऊन, पुसून, सेल काढून ठेवलंय. का रे?"

"सेल नक्की काढलाय?"

"समोर टेबलावर पडलाय, मूर्खा. घरी जाऊन झोप."

 

"मामा... कपाट उघडा."

उठलो. दिवा लावला. किल्ली फिरवली.

आधी वास आला.

बटण होतं तिथंच. झाकण उघडं. आत सेल नाही. वर अंगठा उमटलेला... बामाचा.

"मामा? काय आहे?"

मी कपाट लोटलं.

"मामा!"

मी फोन ठेवला. 

काय म्हणालास? जुना ठसा असेल? मीही स्वतःला तेच सांगितलं. त्यालाही आता वर्ष होईल. बाम तर तासाभरात वाळतो ना? ते कपाट तुझ्या पाठीमागं आहे. किल्ली दारालाच आहे. जा, बोट लावून बघ.

ओला आहे.