सीतारामच्या दारावरचा जोड

हस, हसून घे नंद्या. विद्याधरही असाच दात काढायचा. सत्त्याऐंशी साली आमच्या मुलुंडच्या चाळीत त्याने स्वतःच्या व्हिडिओवरून खोलीखोलीत केबल फिरवली, आणि त्या दीडशहाण्याचे पाय जमिनीला लागेनात! वायर लांबली की सिग्नल वाटेत गळतो, प्रत्येक जोडाला आणखी थोडा गळतो, एवढं कुठूनतरी ऐकलं आणि झाला इंजिनिअर. स्वतःचे जोड कसे? बोटांनी पिळलेले, पावसात उघडे.

शेवटच्या खोल्यांत पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक बोंबलले. याने खापर फोडलं सीतारामवर. सीताराम म्हणजे गिरणीतून सुटलेला मालवणी म्हातारा, एकटा, अंगावरून वारं गेलेलं. टीव्हीचं बटणसुद्धा दातांनी तोडलेल्या औषधाच्या चिकटपट्टीने धरून ठेवलेलं.

"तूच खातोस सगळ्यांचा सिग्नल," म्हणत याने त्याची वायर कापली.

"रात सरत नाय रे झिला," म्हातारा काकुळतीला आला.

"मग झोप ना!"

थू असल्या माणसावर! आषाढ लागताच म्हातारा गेला. पुतण्याने टीव्ही नेला, खोलीला कुलूप घातलं. आणि मुंग्या? तशाच.

मग आली गटारीची रात्र. सगळ्यांना सिनेमा हवा. "आज चित्र दिसलं नाही तर उद्यापासून दुसरा केबलवाला," लोकांनी दम भरला. याची फाटली. संध्याकाळीच त्याने सीतारामच्या दारावरून नवी, अखंड वायर ओढली. एकही जोड नाही. तरी पुढे मुंग्याच. शिव्या घालत, बॅटरी घेऊन हा वायर बघत निघाला. सीतारामच्या दाराशी आला.

फटीतून निळा उजेड.

कुलूप बाहेरून.

आत सिनेमा चालू... याने घरी लावलेली तीच कॅसेट. कोणीतरी खोकलं...

याचा पाय वाजला. आतला आवाज बंद.

कोणीतरी वाट बघत होतं...

पळाला! चपला, बॅटरी, शहाणपण, सगळं तिथेच टाकून.

सकाळी पुतण्याला बोलावून आम्ही कुलूप उघडलं. रिकामी खाट. टीव्ही नाहीच. पण दारावरच्या त्या अखंड वायरला जोड होता. तिथून एक वायर फटीतून आत, थेट उशाशी गेलेली. आणि जोडावर गुंडाळलेली औषधाची चिकटपट्टी... दातांनी तोडलेली कड अजून ओली होती.