दोन कार्डांमधला फरक

नवीन ग्राफिक्स कार्ड आलं त्या दिवशी अश्विनने टेबल आवरलं आणि जुनं कार्ड नव्याच्या शेजारी ठेवून फोटो काढला. आमचं ऑफिस म्हणजे इंदिरानगरमधल्या आमच्याच फ्लॅटची मागची खोली. आम्ही नवरा-बायको घरांची थ्रीडी चित्रं करतो. घर अजून बांधलेलंच नसतं. ते आतून कसं दिसेल, हे आम्ही दाखवतो. जुन्या कार्डाला आठ जीबी मेमरी होती, नव्याला सोळा. जुनं तापलं की त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा. नवं कमी वीज खाऊन दुप्पट वेगाने चालतं, असं खोक्यावर छापलं होतं. अश्विनचा खोक्यावर विश्वास नाही.

"दोन्हींवर एकच चित्र काढू," तो म्हणाला. "मल्हारींचं किचन घे. त्यात स्टील आहे, काच आहे. कार्डाचा खरा कस लागेल."

मल्हारी मखमलाबादला गुलाबाची शेती करतात. शेताच्या कडेला त्यांना बंगला बांधायचा होता. जागेवर तेव्हा नुसतं गवत होतं, पायासुद्धा खणलेला नव्हता.

त्या चैत्रात माझी आई सटाण्याला वारली होती. दिवस उरकून मी परत आले आणि दुसऱ्या सकाळी कामाला बसले. रडू आलं नाही. जेवत होते, झोपत होते, फोन घेत होते. अश्विन विचारायचा तेव्हा मी "ठीक आहे" म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

जुन्या कार्डाने किचनचं चित्र चाळीस मिनिटांत काढलं, नव्याने सतरा. क्रीम रंगाच्या टाइल्स, काळा ओटा, खिडकीतून पडलेलं ऊन. दोन्ही चित्रं सारखीच दिसत होती. तरी सवयीप्रमाणे अश्विनने एकातून दुसरं वजा केलं. यात जिथे दोन्ही चित्रं जुळतात तिथे काळं येतं आणि जिथे फरक असतो तिथे उजळ दिसतं.

स्क्रीन काळी झाली. फक्त ओट्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जमिनीलगत, राखेसारखा एक डाग होता.

"ड्रायव्हर सॉफ्टवेअरची गडबड असेल," अश्विन म्हणाला आणि त्याने ब्राइटनेस वाढवला.

कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. एक पाय दुमडलेला, एक गुडघा वर, डावा हात फरशीवर टेकलेला. डोक्यावर पदर.

खाली भाजीवाला हाका देत होता.

मग अश्विनने जे करायला हवं तेच केलं. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले. जुन्या कार्डावर तेच चित्र दोनदा काढून वजा केलं, तर निखळ काळं. नव्यावर दोनदा काढलं, तेही काळं. दोन्ही कार्डं एकेकटी बरोबर होती. जुन्यातून नवं वजा केलं की मात्र ती तिथे बसलेली. मूळ चित्रं मी डोळे ताणून पाहिली. त्या कोपऱ्यात टाइल्सशिवाय काही नव्हतं.

"चित्रातला कॅमेरा हलवून बघू," मी म्हणाले. "कार्डाचा दोष असेल तर डाग स्क्रीनवर त्याच जागी राहील."

डाग त्याच जागी राहिला नाही. दारातून पाहिलं तर तिची पाठ दिसली, खिडकीतून पाहिलं तर उजवा खांदा. वरून पाहिल्यावर पदराच्या आत बांधलेल्या केसांचा उंचवटा दिसला. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी ती किचनच्या त्याच कोपऱ्यात होती. तिथे तिने जागा व्यापली होती.

अश्विन खुर्ची मागे सरकवून उठला. खूप हळू आवाजात म्हणाला, "मंजू, तुझ्या आई अशाच बसायच्या."

"सगळ्याच बायका अशा बसतात," मी म्हणाले.

मला भीती वाटायला हवी होती. निदान रडू यायला हवं होतं. मी कॅमेरा उचलून कोपऱ्यात, तिच्या समोर ठेवला.

"पुढून नको," अश्विन म्हणाला.

मी बटण दाबलं.

जुन्याची चाळीस मिनिटं. कार्ड बदललं. नव्याची सतरा.

वजा केलं.

गुडघा दिसला. हात दिसला, बोटं दिसली. पदराची कड दिसली.

पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी निखळ काळं होतं.

तेवढ्यापुरतं दोन्ही कार्डांचं एकमत होतं.

जुनं कार्ड अश्विनने खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. पुढची चित्रं आम्ही नव्यावरच काढली. त्या आठवड्यात मल्हारी, त्यांची बायको दिशा आणि आई नवसाबाई चित्रं पाहायला आले. आम्ही वजाबाकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. स्क्रीनवर किचन आलं, तशा नवसाबाई पुढे वाकल्या.

"ओटा लय चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पण ती बाई कोन बसवली तिथं?"

"कुठे, आजी?" माझा आवाज नेहमीसारखाच होता.

"ती काय, कोपऱ्यात."

"आई, चष्मा लाव," मल्हारी हसून म्हणाले.

नवसाबाईंनी चष्मा लावला नाही. "बसू द्या," त्या म्हणाल्या. "दमलेली दिसती."

अश्विनने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं चित्र लावलं. जाताना मी मल्हारींना किचन दुसऱ्या बाजूला घ्यायचं सुचवलं. ते म्हणाले, आग्नेय कोपरा सोडून कसं चालेल, आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला त्यांची वास्तुशांत झाली. अश्विन आला नाही. मी गेले. चित्रात काढलं होतं तसंच किचन होतं, क्रीम टाइल्स, काळा ओटा, खिडकीतून दुपारचं ऊन. दिशा पुऱ्या तळत होती. पाहुण्यांच्या पिशव्या, पिंपं, परातींनी किचन भरून गेलं होतं. पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यापलीकडचा कोपरा मात्र रिकामा होता.

"इथे काही ठेवलं नाही?" मी विचारलं.

दिशाने झारा तसाच धरून कोपऱ्याकडे पाहिलं. "खरंच की, ताई. कुणी ठेवलंच नाही. काय माहीत, तिथे हातच जात नाही."

ती पुन्हा कढईकडे वळली. मी कोपऱ्यात जाऊन खाली बसले आणि फरशीला तळवा लावला. आजूबाजूची फरशी गार होती. तेवढी एक कोमट होती. ऊन तिथवर पोचत नव्हतं. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर असते, तशी कोमट.

मी उठून दारातून हॉलमध्ये पाहिलं. सगळे बाहेर मांडवात जेवायला बसले होते. हॉलमध्ये नवसाबाई एकट्याच सोफ्यावर होत्या.

त्या थोड्या सरकल्या आणि शेजारच्या जागेवरून हात फिरवत म्हणाल्या, "ये. बस इथं."

त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.