बंद प्रेसचा ठोका

बायको दिपाली गेल्याचं निरंजनला ऑफिसात डबा उघडताना कळलं. चाकणच्या त्याच कंपनीत खाली ती पत्रा दाबून घडवायची प्रेस चालवायची, वर तो कॉम्प्युटर सांभाळायचा. अडकलेला पत्रा काढायला ती वाकली आणि प्रेस खाली आली. तो पोचला तेव्हा तिची वेणी डायमध्ये, प्रेसच्या साच्यातच होती.

दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती प्रेस पडत नाही. पण टार्गेट गाठायला एका बटणात पाचर ठोकून ते दाबलेलंच ठेवायची तिथली रीत. सुपरवायझर हिंदुराव स्वतः ठोकून द्यायचे. चौकशीत मात्र त्यांनी सांगितलं, पाचर बाईंनीच ठोकली, दुसरं बटणही बाईंनीच दाबलं.

मशिन प्रत्येक ठोका फाइलमध्ये नोंदवतं. दुसरं बटण न दाबता पडलेला ठोका शोधायला निरंजनने स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. तो सापडला तर दिपालीवरचा ठपका पुसला जाणार होता.

गुरुवारची सुट्टी होती. खाली प्रेसचं शॉप थंड पडलं होतं. त्याने स्क्रिप्ट चालवली. काहीच सापडलं नाही. शोधायच्या पॅटर्नमध्ये त्याने शब्दांमध्ये एक स्पेस दिली होती, फाइलमध्ये दोन होत्या. कितीही स्पेस चालतील असं करून त्याने पुन्हा एंटर दाबलं.

खालून धाड्कन आवाज आला. टेबल हादरलं.

स्क्रीनवर एक ओळ. तीच प्रेस. दुसरं बटण बंद. तारीख आजची.

त्याने तारखेच्या जागी दिपालीच्या अपघाताची तारीख घातली. एंटर. पुन्हा धाड. ओळ एकही नाही.

हिंदुराव दारात आले. "निरंजनराव, आवाज कसला वो?"

"तुमच्या प्रेसचा."

"तिला वीजच न्हाई. फ्यूज माझ्या खिशात हायेत. उंदीर असतील."

"उंदीर दोनशे टनाची प्रेस पाडतात व्हय?"

हिंदुराव हसले नाहीत. "बघून येतो. ती पाचर पन काढून टाकतो. उद्या साहेब यायचेत."

"आत वाकू नका."

"वीज न्हाई म्हनलं ना."

काचेतून शॉप दिसत होतं. हिंदुरावांनी आधी पाचर उपटून खिशात टाकली. मग डायमध्ये काहीतरी दिसलं असावं. ते कमरेपर्यंत आत वाकले.

पॅटर्न तपासायची आता गरज नव्हती. एंटर दाबलं की प्रेस पडते, हे निरंजनला ठाऊक होतं.

त्याने एंटर दाबलं.

काचेवर खालून थेंब उडाले. हिंदुरावांचे पाय थोडा वेळ फरशीवर घासत राहिले, मग थांबले.

निरंजनने स्क्रीनकडे पाहिलं.

दिपालीची ओळ अजून सापडायची होती.