यमदूत दारात

ग्रेटाला पहिला धक्का बसला तो लिफ्टपाशी. कुणीतरी चक्क तिच्यासाठी दार धरून उभं होतं!

विस्कॉन्सिनमधल्या त्या हॉटेलात अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा मुक्काम पडला, की ग्रेटा विस्निएव्स्की दिसताच भलेभले खेळाडू जिन्याने पळत. ऑगस्टअखेर ज्यांना टीममधून काढायचं, त्यांचं दार वाजवायची नोकरी तिची. "साहेबांनी बोलावलंय, टॅब घेऊन ये," एवढंच म्हणायचं. डावपेचांचा टॅब परत मागितला, की खेळाडूने गाशा गुंडाळायचा.

"नवीन दिसतोस," ती म्हणाली.

"टेरेल फॉन्टेनो. लुइझियानाचा." सरावातल्या पावसाचं पाणी त्याच्या कानावरून गळत होतं. "पण सगळे तुला बघून पळतात का गं? चावतेस की काय?"

"मी इथली यमदूत आहे."

"असं? मग यमदूत फारच गोड आहेत इकडचे!"

यमदूत लाजली... आणि भलत्याच मजल्यावर उतरली.

सराव संपला तरी टेरेल मैदानावर थांबे. पास झेलणारे तगडे गडी टीमकडे पुष्कळ होते. तो टिकला, तर पंट परतवण्याच्या जोरावरच टिकणार होता. समोरच्यांनी आभाळात लाथाडलेला चेंडू झेलायचा आणि अंगावर धावून येणाऱ्या धटिंगणांतून वाट काढत सुटायचं. आधी दोन टीमनी त्याला नारळ दिला होता. आता इथून काढलं, तर खेळ संपला. एक चेंडू काखेत दाबून तो दुसरा झेलायचा आणि ग्रेटा कुंपणाशी तळलेलं चीज खात बघत बसायची.

"भीती नाही वाटत?" एका संध्याकाळी तिने विचारलं.

"वाटते ना. पण अंगावर येणाऱ्यांकडे बघितलं की चेंडू सुटतो." त्याने तिच्या पुडीतला तुकडा उचलला. "तुझ्याकडे बघितलं तरी सुटतो. जरा तिकडे सरक बरं."

"टेरेल... ऑफिसातल्यांनी खेळाडूंत गुंतायचं नाही. नियम आहे. नोकरी जाते."

"गुंतलंय कोण? मी चीज खातोय."

शेवटच्या सकाळी ड्रेक्सलरसाहेब काढायच्यांची नावं सांगू लागले, तेव्हा ग्रेटा एकेक नाव कान देऊन लिहून घेत होती. टेरेलचं नाव आलंच नाही! तिला नाचावंसं वाटलं... आणि पुढच्याच क्षणी तो नियम आठवला. टेरेल राहिला, म्हणजे नियमही राहिला. तिचं मन त्याचं नाव येण्याची वाट बघत होतं की काय? स्वतःच्याच विचाराने ती हादरली.

तिने एकेक दार वाजवलं. रडणाऱ्यांना पाणी दिलं, शिव्या देणाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. मग ती पुन्हा साहेबांकडे गेली, दोन वाक्यं बोलली आणि तिथून निघून टेरेलच्या दाराशी आली.

दार उघडताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बॅग भरलेली होती. त्याने मुकाट्याने टॅब तिच्या हातात ठेवला.

"टेरेल, ऐक—"

"नाही, तू ऐक. आता मी टीमचा नाही, म्हणजे नियमही नाही. मला तू आवडतेस, ग्रेटा. फार... फार आवडतेस. चल, कुठाय तुझा साहेब?"

ग्रेटाने टॅब परत त्याच्या छातीवर टेकवला.

"वेड्या, तुला काढलंच नाहीये."

तो मटकन बॅगेवर बसला. "काय? मग... दार कशाला वाजवलंस? जीव गेला ना माझा!" आणि एकदम त्याच्या ध्यानात आलं. "बाप रे! आता मी टीमचा आहे! मी जे बोललो, त्याने तुझी नोकरी—"

"नोकरी नाहीये. आत्ताच सोडून आले."

"काय?"

"तू राहणार हे कळलं. मग दोघांपैकी मलाच निघायला हवं होतं ना?"

"अगं, पण मी तेव्हा काहीच बोललो नव्हतो! मी नाही म्हणालो असतो तर?"

घरभाडं, आई, ड्रेक्सलरसाहेबांचा वासलेला जबडा, सगळं एकदम ग्रेटाच्या डोळ्यांपुढे आलं.

"ते... माझ्या डोक्यातच आलं नाही," ती पुटपुटली.

टेरेल उठला आणि त्याने तिला घट्ट मिठीत घेतलं.