बाबासो ऊर्फ बाबासाहेब

“हे बाबासो कोन, आन हे बाबासाहेब कोन?” खिडकीमागच्या कारकुनानं दोन कागद वर धरले. “माझ्या लेखी ही दोन मानसं झाली की!”

“दोन्ही माझं वडीलच हैत, सायेब,” दीक्षा म्हणाली.

“मग तसं स्टॅम्पवर लिहून आना.”

झालं! ही चौथी खेप. दर खेपेला उचगावहून बसनं यायचं, कचेरीच्या रांगेत तिष्ठायचं, आणि काहीतरी कमी पडलं म्हणून माघारी फिरायचं. कोल्हापूरकरांना साहेबाचा ‘सो’ करायला कितीसा वेळ लागतो? रेशनकार्डावर वडील बाबासो कुरणे झाले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी मात्र कौतुकानं अख्खं बाबासाहेब लिहून ठेवलं. त्या कौतुकापायी आज पोरीचे पाय मोडायची वेळ आली होती.

बी.एस्सी.ला नाव लागलं होतं. फी-माफीचा अर्ज उद्या दुपारपर्यंत द्यायचा, आणि त्याला उत्पन्नाचा दाखला हवाच. फौंड्रीत राबणाऱ्या वडिलांना पूर्ण फी झेपणारी नव्हती. काल तेच हळूच म्हणाले होते, “न्हायच जमलं तर यंदा ऱ्हाऊ दे, पोरी.” ते ऐकून तिला रात्रभर रडू येत होतं.

आवारात चिंचेखाली, ताडपत्रीच्या आडोशाला, टाइपरायटर घेऊन एक तरुण बसला होता. पाऊस नुसता चिरचिर लागून राहिलेला.

“बसा. नाव?”

“कुनाचं? माझं, का वडलांची दोन्ही?”

तो हसला... आणि वैतागलेल्या दीक्षालाही उगाचच हसू फुटलं.

“तुमच्यापासनं सुरू करू. दमलासा जनू?”

“दमायला काय झालंय? चौथीच खेप हाय.”

“माझी तर रोजचीच हाय.” त्यानं स्टूल पुसून पुढं सरकवलं. नाव संघर्ष. बी.ए.चं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलेलं.

“का सोडलं?”

“फी.” एवढंच बोलून तो स्टॅम्पचा कागद मशीनवर चढवू लागला. “आता जमलीया. पन मधी वर्ष गेलं ना... गॅपचं ॲफिडेव्हिट लागतंय.”

“मग करा की! मशीन तर तुमचंच हाय.”

“सगळ्या गावाचं टाइप करतोय. माझंच ऱ्हातंय बघा.”

तिनं ओली ओढणी पिळली, कपाळावरचे केस मागं सारले... आणि मशीनची टकटक थांबली. तिनं वर पाहिलं — तो घाईघाईनं खाली बघू लागला. टकटक पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच जोरात.

कागद घेऊन ती आत पळाली. कारकुनानं चष्मा सावरला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. “मी, दीक्षा संघर्ष कुरणे... आं? सकाळी तर बाबासोची लेक हुतासा! दुपारपतोर लगीनबी उरकलं व्हय?”

अख्खी रांग हसली. दीक्षाचे कान तापले. डोळ्यांत पाणी घेऊन ती तरातरा चिंचेखाली आली आणि तिनं कागद त्याच्यापुढं आदळला.

“हे काय लिवलंय? माझं वर्ष जातंय हितं, आन तुमाला चेष्टा सुचतीया?”

त्यानं वाचलं. वडिलांच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव! त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“आईशप्पत... चेष्टा न्हाय. बोटं कशी गेली कळलंच न्हाय.” तो ताडकन उठला. “खाडाखोड चालत न्हाय. चला, पळा... स्टॅम्पवाला उठंल!”

मशीनपुढं थांबलेली दोन गिऱ्हाइकं तशीच सोडून तो धावला, मागोमाग ती. स्टॅम्पवाला पेटी आवरत होता. संघर्षनं अक्षरशः त्याचा हात धरला. पैसे त्यानंच दिले. मग पुन्हा टकटक. या खेपेला दीक्षा एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. आतला साहेब निघायच्या बेतात असताना सही झाली, शिक्का बसला, दाखला हातात पडला.

दीक्षा बाहेर आली आणि स्टुलावर धपकन बसली. बस दिसत होती, पण ती उठली नाही.

“घाला की कागद. आता तुमचं गॅपचं करा.”

“आता? बस जाईल तुमची.”

“दुसरी येईल. करा म्हनते ना! आन वडलांचं नाव नीट घाला. न्हायतर तिथं माझं घालाल.”

तो हसत सुटला. ‘मी, संघर्ष आकाराम...’ सालभर राहिलेलं काम पाव तासात झालं. कागद काढून त्यानं बाजूला ठेवला, मग तो चुकलेला स्टॅम्प उचलला.

“फाडतो हे.”

“थांब,” ती म्हणाली. ‘तुमी’ कधी गळालं, तिलाही कळलं नाही. तिनं तो कागद घडी करून दाखल्याशेजारी पिशवीत ठेवला. “ह्याची मुदत किती असती?”

“स्टॅम्पची? सहा म्हैनं.”

“मला तर पदवीला तीन वर्षं लागतील...”

“मग...” तो मशीनच्या कळांवर बोट फिरवत म्हणाला. “नवा स्टॅम्प आनाया लागंल.”

“आन की.” दीक्षा दमून उठली, ओढणी सारखी केली आणि त्याच्याकडं न बघताच म्हणाली, “मजकूर हाच ऱ्हाऊ दे.”