काचेचा डायोड

इंद्रकुमार बिसेन बोलण्याच्या बाबतीत पक्का कंजूष माणूस. देवरीच्या बसस्टँडमागे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हासुद्धा गिऱ्हाइकाला तो "होईल" किंवा "होणार नाही" एवढंच सांगायचा. बायको दुर्गेश्वरी म्हणायची, यांच्या तोंडाला कुलूप आहे आणि किल्ली कुठल्यातरी रेडिओच्या खोक्यात पडली आहे. ती गेल्यावर कुलूप उघडायचं कारणच उरलं नाही. मुलगा लोकेश रायपूरला. आठवण झाली की शेजाऱ्याच्या फोनवर फोन करायचा. दुकानाच्या जागी आता मोबाइलची रिचार्ज कार्डं मिळत होती.

राहता राहिला श्यामलाल. चिचगडच्या अलीकडे, जंगलाच्या तोंडाशी, तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराचं गोदाम होतं. उन्हाळ्यात पत्ता तोडायच्या दिवसांत तिथे माणसांची जत्रा, आणि बाकी वर्षभर एकटा चौकीदार श्यामलाल. ठेकेदाराने बरकतीच्या काळात देवरी आणि गोदाम यांच्यात बोलायला दोन सीबी सेट, बटण दाबून बोलायचे वायरलेस, आणले होते. बरकत संपली, ठेकेदार नागपूरला गेला, आणि सेट जिथल्या तिथे राहिले: एक श्यामलालजवळ, दुसरा त्याची देखभाल करणाऱ्या इंद्रकुमारजवळ. देवरीत मोबाइलचा टॉवर नुकताच उभा राहिला होता, पण गोदामावर रेंज नव्हती.

दुपारचं जेवण झालं की इंद्रकुमार सेटला बॅटरी जोडायचा.

"शाम, जेवला का?"

"जेवलो गा इंदर. आज भाजीत मीठच टाकाले भुललो."

मग श्यामलाल बोलायचा, इंद्रकुमार हुंकार द्यायचा आणि थोड्या वेळाने "बरं, ठेवतो" म्हणून बटण सोडून द्यायचा. अख्ख्या दिवसात तो माणसाशी बोलायचा ते एवढंच. पण याच्यावरच आपला दिवस उभा आहे, हे सेट बिघडेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

परतीच्या पावसात जवळच्या मोहाच्या झाडावर वीज पडली. सेट जळला नाही, बहिरा झाला. इकडून बोललेलं जात होतं, पण तिकडचं येत नव्हतं. असून अडचण, नसून खोळंबा. त्याने खोलून पाहिलं, तर आलेल्या लहरीतून आवाज वेगळा काढणारा डायोड गेला होता. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी आणि आत केसासारखी तार. जुना, जर्मेनियमचा.

"शाम, माझा सेट बहिरा झाला. तू बोलला ते मले ऐकू नाही येणार. डायोड भेटला का लावतो," त्याने कळवलं. श्यामलालने काही उत्तर दिलं असेल तर ते हवेतच राहिलं.

गोंदियाच्या बाजारातल्या दुकानदाराने मोडका डायोड उन्हाकडे धरून पाहिला आणि हसला.

"चाचा, ये अब कौन रखता है? बनना ही बंद हो गया. सिलिकॉन का ले जाओ, सब में यही चलता है."

चालतं, पण कुठे? जर्मेनियमचं दार नुसतं ढकललं तरी उघडतं. सिलिकॉनच्या दाराला खांदा लावावा लागतो, आणि डोंगराआडून येणाऱ्या श्यामलालच्या आवाजात तेवढा जोर नव्हता. इंद्रकुमारने घरी येऊन नवा डायोड लावून पाहिला. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की तिची खरखर तेवढी ऐकू यायची. श्यामलाल नाही. त्या दुपारी तो सेटसमोर बराच वेळ बसून राहिला. त्याला रडावंसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

भंगारवाला मुन्नालाल म्हणाला, "इंदरभाऊ, त्या काचेच्या दाण्यासाठी कोण बसते? आम्ही रेडिओच्या आतली पाटी जाळतो, तांबं काढतो. तुम्ही अनुसयाबाईकडे जाऊन पाहा. तिच्या मेलेल्या म्हाताऱ्याचा रेडिओ अजून तिच्या घरी आहे. मी मागतला, तर देल्ला नाही."

अनुसयाबाई गावाबाहेरच्या टोलीवर राहायची. अंगणात धानाच्या पेंढ्या रचलेल्या होत्या आणि ती सुपात वालाच्या शेंगा निसत बसली होती. रेडिओ आतल्या खोलीत होता, वर पोतं झाकून. इंद्रकुमारने काय पाहिजे ते सांगितलं. मुन्नालालला नाही म्हणालेली बाई त्याला लगेच घेऊन जा म्हणाली.

"बंद केव्हापासून आहे?" त्याने विचारलं.

"बंद पडला नाही. म्याच बंद केला."

"काऊन?"

तिने शेंग सोलली, दाणे सुपात टाकले. "तो सुरू असला का मले एकटं नाही वाटे," ती म्हणाली. "म्हणून."

याचा अर्थ त्याने विचारला नाही. विचारायची सवयच नव्हती.

रेडिओत जर्मेनियमचा डायोड होता, अगदी शाबूत. फक्त त्याची दिशा दाखवणारा रंगाचा पट्टा झिजून गेला होता. मीटरवर तपासलं असतं तर कळलं असतं, पण मीटरचा सेल संपलेला, आणि प्रत्येक जुन्या मेकॅनिकला ठाऊक असतं की या जागेचा डायोड उलटा लागला तरी आवाज येतो. फार तर जवळचं बोलणं फाटतं. श्यामलाल काही जवळ नव्हता. त्याने अंदाजानेच तो बसवून सोल्डरचा डाग दिला, बॅटरी जोडली आणि बटण दाबलं.

"शाम, ऐकून राहिला का?"

काही नाही. नेहमीची खरखरही नाही. रिकाम्या विहिरीत कान घातल्यासारखी शांतता.

दोन-तीन दिवस असेच गेले. मग एका दुपारी श्यामलालचा आवाज आला, इतका स्वच्छ की इंद्रकुमारने दाराकडे पाहिलं.

"हाव गा इंदर," श्यामलाल म्हणत होता. "पाय आता बरा आहे. तू सांगतला तसा शेक घेतला."

इंद्रकुमारने कोणताही शेक सांगितला नव्हता. पाय दुखत होता हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. त्याने घाईने बटण दाबलं. "शाम, मी आता सेट सुरू केला. कोणाशी बोलून राहिला तू?"

श्यामलाल थांबला नाही. तो हसला. कोणीतरी गमतीचं काही सांगितलं की हसतो तसा. मग गप्प झाला, ऐकत असल्यासारखा. मग म्हणाला, "खरं आहे तुझं."

दुसऱ्याचा आवाज येत नव्हता. पण सेटवर सिग्नलचा काटा होता. श्यामलाल बोलायचा तेव्हा तो जेमतेम हलायचा, लांबचं स्टेशन असल्यासारखा. श्यामलाल गप्प झाला की तोच काटा पार टोकाला जाऊन टेकायचा, कोणी बोलेल तितका वेळ तिथे राहायचा आणि खाली यायचा. मग श्यामलाल उत्तर द्यायचा.

काटा टोकाला जातो तो बोलणारा सेट अगदी लगत असला तरच.

इंद्रकुमार उठून घराभोवती फिरून आला. शेजारी धान वाळत घातलं होतं. कुठे तार नाही, कुठे एरियल नाही. कोणी चावटपणा करतंय म्हणावं, तर आपला आवाज काढून एका चौकीदाराशी गप्पा मारायला कोण रिकामं बसलंय? आणि आपला आवाज काढायचा, तर "होईल" आणि "ठेवतो" यापलीकडे त्यात काढण्यासारखं आहे काय?

पुढच्या दुपारी तो नुसता ऐकत बसला. त्याच्या नावाने, त्याच्या मित्राशी, कोणीतरी मनमोकळं बोलत होतं. त्याला राग आला. मग लक्षात आलं की हा राग नाही, जळफळाट आहे.

"अरे, त्याच्यात कायले लाजतो?" श्यामलाल हळुवारपणे म्हणाला. "टाकत जा भाभीची गोधडी उन्हात. मी असतो तर मीबी टाकलो असतो."

इंद्रकुमारने परसाच्या दाराकडे पाहिलं. दुर्गेश्वरीची गोधडी तो रोज सकाळी मागच्या परसात उन्हात टाकायचा आणि संध्याकाळी झटकून तिच्या बाजेवर घालायचा. परसाला चहूकडून कुडाची भिंत होती. हे त्याने मुलालाही सांगितलं नव्हतं.

त्याने मागची एरियलची तार उपटून काढली. श्यामलालचा आवाज तिथेच तुटला.

काटा मात्र वर गेला. टोकाला टेकला. बराच वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने डायोड कापून काढला, कागदात गुंडाळून खिशात टाकला. बॅटरी शेजाऱ्याकडे ठेवली. घराला कुलूप लावून चिचगडची बस पकडली.

गोदामाशी उतरला तेव्हा ऊन चढलं होतं. श्यामलाल दारापुढच्या परछीत बसला होता, पुढ्यात सेट. इंद्रकुमारला पाहून तो उठला, पण गळ्यात पडला नाही. बाजेवर जागा करून दिली, पाणी आणलं. तब्येत सुधारली होती त्याची. दाढी केलेली, सदरा धुतलेला.

"अचानक आला?" तो म्हणाला.

"शाम, दिवाळीच्या आधीपासून तुझ्या-माझ्यात एक शब्दबी झाला नाही. माझा सेट बहिरा होता. आज तर त्याच्यात डायोडच नाही, बॅटरीबी नाही."

श्यामलालने पाण्याचा गडवा बाजेखाली सरकवला.

"रोज दुपारी तुझ्याशी जे बोलून राहिलं," इंद्रकुमार म्हणाला, "तो मी नोहो."

"माहीत आहे मले."

जंगलाकडून वारा आला. गोदामाचा पत्रा वाजला आणि थांबला.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी समजलं," श्यामलाल म्हणाला. "तू एवढा कधी बोलला होता का गा? इतकी वर्षं मी बोलून राहिलो, तू हूं हूं करून राहिला. हा विचारते. पाय कसा आहे, रात्री झोप लागली का. घरचं सांगते. या गोदामावर वर्षभर कसं राहावं लागते, तुले माहीत नाही, इंदर."

"मले माहीत आहे," इंद्रकुमार म्हणाला. "मीबी तसाच राहतो. मीबी बोलीन, शाम. आता बोलीन."

त्याला खरंच बोलायचं होतं. सेट बहिरा झाल्यावर दुपार किती लांब होते, भिंतीकडे पाहत कसं जेवावं लागतं, आणि गोधडी. त्याने तोंड उघडलं.

सेटमध्ये खट्ट झालं.

"शाम, जेवला का?"

आवाज त्याचाच होता. तोच घोगरेपणा, श्यामलालच्या नावावर तोच किंचित थांबा. फक्त त्यात एक माया होती, जी त्याने स्वतःच्या आवाजात कधी ऐकली नव्हती.

श्यामलालने माइक हातात घेतला. बटण मात्र दाबलं नाही.

"आज तू उशीर करून राहिला," सेटमधला इंद्रकुमार म्हणाला. "कोणी आलं का तुझ्याकडे?"

श्यामलालने मान वर करून बाजेवरच्या माणसाकडे पाहिलं. चांगलं, टक लावून पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. दया होती थोडी.

मग त्याने बटण दाबलं.

"नाही गा इंदर," तो म्हणाला. "इथे कोण येते?"

आणि परक्या माणसासमोर घरचं बोलताना वळतात तशी त्याने पाठ वळवली, आवाज थोडा बारीक केला आणि सांगू लागला, आज भाजी काय केली ते.